काटकसरीचा समुद्र

मुंबईत समुद्र फुकट आहे. पैसे पडतात ते त्याच्याकडे तोंड करून असलेल्या खिडकीचे. ज्यांना ती खिडकी परवडत नाही ते ठाण्याच्या पलीकडे राहतात, अधूनमधून एखाद्या रविवारी चौपाटीवर जातात, पाय भिजवतात, भेळ खातात आणि स्लो लोकल पकडून परत येतात. आमच्या घराण्याच्या दोन पिढ्यांनी समुद्राशी एवढाच माफक संबंध ठेवला आणि त्यात कुणाचं काही अडलं नाही. तिसऱ्या पिढीने मात्र ठरवलं, की आपण समुद्राकडे जायचं नाही, समुद्रच डोंबिवलीला आणायचा. दुसऱ्या मजल्यावर, हॉलमध्ये. आणि बजेटात बसवून.

तिसरी पिढी म्हणजे माझा भाचा. इंजिनिअरिंगला असल्यामुळे त्याच्याकडे वेळ मुबलक आणि पैसे नाहीत. मी बँकेतून निवृत्त झालेला मामा, तेव्हा माझ्याकडे दोन्ही थोडं थोडं असणार असा त्याचा समज. "मामा, तू फक्त हिशेब धर," असं म्हणून त्याने मला या प्रकरणात ओढलं. हिशेब धरणाऱ्याला शेवटी पाकीटही धरावं लागतं, हे भाच्यांना जन्मतःच कळतं.

त्याला हवा होता पफरफिश. मोठ्या डोळ्यांचा, काहीतरी विचारायचं राहून गेल्यासारख्या चेहऱ्याचा, आणि घाबरला की पोटात पाणी भरून टम्म फुगणारा मासा. कोकणात याला केंड म्हणतात. आमची आई मालवणकडची; तिने नातवाचा बेत ऐकला आणि चष्मा काढून ठेवला. "मेल्या, केंड कोण घरात हाडता काय?"

तिच्या माहेरी केंड म्हणजे पाहुणा नव्हे, पीडा. त्याच्या झुंडी किनाऱ्याजवळ आल्या की मच्छीमारांच्या कपाळाला आठ्या पडतात. जाळ्यात सापडलेली मासळी तो कुरतडतो, जाळंही दातांनी तोडतो, आणि स्वतः सापडला तर बाजारात त्याला कुणी विचारत नाही. आईच्या लेखी माशांचे दोनच वर्ग आहेत, खायचे आणि न खायचे. न खायच्या माशाला आपण उलट तिसऱ्या आणून भरवायच्या, हे तिच्या कुठल्याच शास्त्रात बसेना.

न खाण्याचं कारण भक्कम आहे. याच्या यकृतात, अंडाशयात आणि बऱ्याच जातींच्या कातडीतही टेट्रोडोटॉक्सिन नावाचं विष असतं आणि त्यावर उतारा नाही. गंमत अशी, की हे विष तो स्वतः बनवत नाही. मूळ काम जिवाणूंचं, याच्याकडे ते खाण्यातून साठत येतं. १७७४ साली कॅप्टन कुक न्यू कॅलेडोनियाच्या किनाऱ्याला लागला तेव्हा त्याने आणि बरोबरच्या फॉर्स्टर पितापुत्रांनी रात्रीच्या जेवणात अशाच एका माशाचं यकृत आणि गाबोळी नुसती चाखली. पहाटे जाग आली ती हातापायांतली जाणीव जाऊन. भरलेलं भांडं आणि पीस यांतलं जड कोणतं, तेही कळेना. उरलेली आतडी खाल्लेलं बोटीवरचं डुक्कर सकाळी मेलेलं सापडलं. जपानी लोक हा मासा परवानाधारक आचाऱ्याच्या हातून खातात, तरी १९७५ साली बांदो मित्सुगोरो हा नामवंत काबुकी नट क्योतोमध्ये त्याचं यकृत आग्रहाने खाऊन गेला. त्याला सरकारने 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' असा किताब दिलेला होता. हे सगळं मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मगे बांगडो काय वायट होतो?"

या मुद्द्याला कुकपाशीही उत्तर नव्हतं.

मला स्वतःला या माशाबद्दल आदर वाटू लागला तो वेगळ्या कारणाने. आयुष्यभर दुसऱ्यांचे खर्च तपासलेल्या माणसाला काटकसर लांबूनही ओळखू येते. निसर्गाने केंड अत्यंत काटकसरीने बनवला आहे. खवले नाहीत. बरगड्या नाहीत. पोटाखालच्या परांची जोडी इतर माशांना असते, ती इथे गाळलेली. दात फक्त चार, वर दोन, खाली दोन, आणि तेही जुळून झालेली एक चोच. एवढ्यावर भागलं नाही म्हणून की काय, आतल्या नकाशातही कपात आहे. माणसाचा जनुकसंच सुमारे ३०० कोटी अक्षरांचा. फुगू नावाच्या जपानी केंडाचा जेमतेम ४० कोटींचा. जनुकांची संख्या मात्र दोघांची जवळपास सारखी. फापटपसारा इतका कमी, म्हणूनच सिडनी ब्रेनर या शास्त्रज्ञाने १९९३ साली या माशाच्या अभ्यासाचा आग्रह धरला, आणि माणसापाठोपाठ २००२ साली याचा जनुकसंच वाचून झाला. मजकूर तोच, कागद एक-अष्टमांश! अशी शाखा आमच्या बँकेत असती तर तिला दरवर्षी ढाल मिळाली असती.

अडचण एवढीच, की काटकसरीने बनलेल्या या प्राण्याला राहायला आख्खा समुद्र लागतो.

कुर्ल्याला शोभेच्या माशांचा बाजार आहे. मुंबईतल्या प्रत्येक काचेच्या टाकीचं माहेर तिथेच निघतं. एका दुकानदाराने आमच्यापुढे प्लास्टिकच्या डब्यात तीन इंची डॉगफेस पफर धरला. करड्या अंगाचा, कुत्र्याच्या पिल्लासारखा तोंड पुढे काढलेला. तो भाच्याकडे बघून शेपूट हलवायला लागला आणि भाचा तिथल्या तिथे विरघळला. "ले जाओ अंकल, एकदम पप्पी है." मी सवयीने विचारलं, मुदत संपल्यावर किती होणार? दुकानदार म्हणाला, "जितना बडा टँक, उतनाही बडा होता है." हे वाक्य शोभेच्या माशांच्या धंद्यात वर्षानुवर्षं चालत आलेलं आहे आणि ते खोटं आहे. मासा टाकीचं माप घेऊन वाढत नाही. लहान टाकीत तो खुरटतो, आजारी पडतो आणि लवकर मरतो, म्हणून तो मोठा झालेला कुणाला दिसत नाही, इतकंच. डॉगफेस नीट वाढला तर फूटभराचा होतो. त्याचाच भाऊबंद, अॅरोथ्रॉन स्टेलाटस, तर १२० सेंटिमीटरपर्यंत जातो. तो पाळायचा तर हॉल त्याला द्यावा आणि आपण टाकीत राहावं.

बऱ्याच रुसव्याफुगव्यानंतर मामा-भाच्यांमध्ये तह झाला तो व्हॅलेंटिनीवर. पांढरट अंग, पाठीवर चार काळपट पट्टे, पिवळसर शेपूट, आणि पूर्ण वाढ साधारण ११ सेंटिमीटर. कुळाने पाहिलं तर हाही केंडच, पण वन रूम किचनमध्ये मावणारा. याच्यातही भेसळ आहे बरं का. हा विषारी असल्यामुळे मोठे मासे याच्या वाटेला जात नाहीत. ते पाहून एका बिनविषारी फाइलफिशने हुबेहूब याच्यासारखे पट्टे काढून घेतले आहेत. पाठीवरचा पर आखूड असेल तर खरा व्हॅलेंटिनी, लांबलचक झालर असेल तर तोतया. नोटा तपासत उभा जन्म गेल्यामुळे हे काम मी आनंदाने पत्करलं.

दुकानातून रिकाम्या हातांनी परत निघालो, कारण मासा शेवटी घ्यायचा असतो. आधी समुद्र.

घरी येऊन मी यादी करायला बसलो आणि हळूहळू लक्षात आलं, की हा उपद्व्यापी मासा बजेटला फार धार्जिणा आहे. खाऱ्या पाण्याच्या टाकीत पैसा जातो तो प्रवाळावर आणि प्रवाळ जगवणाऱ्या महागड्या दिव्यांवर. केंड प्रवाळाला तोंड लावल्याशिवाय राहत नाही, तेव्हा प्रवाळ रद्द. शिवाय सांगाडा बांधणारे प्रवाळ आपल्याकडे २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात वाघाच्या पंगतीला आहेत; ते विकणं आणि बाळगणं गुन्हा. प्रवाळ गेले म्हणजे दिवे गेले, साधी एलईडी पट्टी पुरे. टाकी साफ ठेवायला लोक कोळंब्या, गोगलगाई, शंखातले खेकडे सोडतात. केंडाच्या दृष्टीने तो सफाई कर्मचारी वर्ग नसून दुपारचं जेवण आहे. तोही रद्द. सोबतीला चार रंगीत मासे? त्यांच्या झालरी हा फावल्या वेळात कुरतडतो. रद्द. मी एकेका ओळीवर लाल रेघ मारत गेलो आणि यादी अर्ध्यावर आली. ज्या घरात खोडकर मूल असतं तिथे काचेचं सामान घेतलंच जात नाही, त्यातला हा प्रकार.

उरलेल्या अर्ध्या यादीत मात्र एका ओळीलाही हात लावता येईना. पाणी, मीठ, पाणी फिरवणारा पंप, प्रोटीन स्किमर, मोजमापाची साधनं. केंड मांसाहारी आणि अत्यंत घाणेरडा जेवणारा आहे. शिंपली फोडताना अर्धं खातो, अर्धं उडवतो. ती घाण फेसावाटे बाहेर काढणारा स्किमर टाळला तर मासाही टाळलेला बरा. आणि टाकी लहान घेऊन पैसे वाचवणं हे तर सगळ्यात महाग. थोड्या पाण्यात घाण लवकर साठते, तापमान लवकर बदलतं आणि चूक सुधारायला वेळ मिळत नाही. म्हणून आम्ही चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी जुनी टाकी घेतली. जुन्या टाक्या नेहमी स्वस्त मिळतात. प्रत्येक इमारतीत असा एक माणूस असतोच, की ज्याचा उत्साह संपलेला आहे आणि ज्याच्या बायकोला ती जागा शिलाई मशीनसाठी हवी आहे. काच, वाळू, स्टँड आणि अडीचशे लिटर पाणी धरून साडेतीनशे किलोच्या आसपास वजन होतं. भावोजींनी ते ऐकून टाकी हॉलच्या मधोमध न ठेवता तुळईजवळच्या भिंतीला लावायचा हुकूम काढला. एरवी घरात त्यांचं फारसं कुणी ऐकत नाही, पण सिमेंट हा त्यांचा विषय आहे.

घरात समुद्र ठेवायची हौस जुनी आहे. १८४६ साली अॅना थिन नावाच्या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. नवरा वेस्टमिन्स्टर अॅबेत मोठा धर्माधिकारी, घरात समुद्राचं पाणी मागवण्याइतपत ऐपत, पण हवा खेळवणारा पंप तेव्हा कुठून असणार? मग त्यांची लहानशी मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून अर्धा-पाऊण तास पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहायची. तिला त्यात गंमत वाटायची, असं बाईसाहेबांनी लिहून ठेवलं आहे. मोलकरणीचं मत कुणी विचारलेलं दिसत नाही. आमच्या डोंबिवलीत कामाच्या बाईंना असं काम सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून भांडीही आम्हीच घासली असती. पुढे १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाने चार क्षार मोजून मिसळले आणि बनावट समुद्राची कृती छापली. आणि आमच्यासारख्यांचा खरा आद्यपुरुष म्हणजे जाकार्तातला ली चिन इंग. १९६१ साली त्याने जगाला सांगितलं, की यंत्रांचा पसारा नको, समुद्रातले सजीव दगड आणि हवेचे बुडबुडे पुरेत. दगडांवरचे जीव पाणी स्वच्छ ठेवतात. त्याच्या दारात खरा समुद्र होता हे खरं. आम्ही कोरडे सच्छिद्र दगड घेऊन त्यांच्यावर जिवाणू वसवायचे ठरवले.

आता पाणी. भावोजी म्हणाले, "समुद्र हाकेवर आहे, चार कॅन भरून आणू." मुंबईच्या किनाऱ्याचं पाणी ज्याने जवळून पाहिलं आहे तो असं म्हणणार नाही. त्यात शहराचं सांडपाणी, बोटींचं तेल आणि कुणाकुणाचं निर्माल्य असतं. पावसाळ्यात तर नद्या-खाड्यांमुळे त्याचा खारटपणाही उतरतो. मग त्यांनी दुसरा तोडगा काढला. मिठागरातून खडेमीठ आणून नळाच्या पाण्यात विरघळवायचं, झाला समुद्र! मुलुंड-भांडुपची मिठागरं लोकलच्या खिडकीतून बघतच आपली पिढी वाढली, त्यामुळे ही युक्ती कुणालाही सुचेल. पण समुद्र आटवताना सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत. आधी कॅल्शियमचे क्षार खाली बसतात, मग आपलं मीठ, आणि मॅग्नेशियम शेवटच्या कडवट पाण्यात राहून जातं. ते पाणी मिठागरवाला सोडून देतो. म्हणजे खडेमीठ हा समुद्राचा एक तुकडा झाला, समुद्र नव्हे. बाकीचे तुकडे परत घातलेलं मरिन सॉल्ट बादलीतून विकत मिळतं, आणि लिटरला ३५ ग्रॅमांच्या हिशेबाने आमच्या टाकीला ते आठ-नऊ किलो लागलं. समुद्राच्या काठचं शहर, आणि आम्ही कारखान्यातला समुद्र पैसे मोजून बादलीने वर नेत होतो. वहीत मी ती रक्कम लिहिली आणि शेजारी उद्गारचिन्ह दिलं. बँकेत असताना मी तसं कधी केलं नव्हतं.

नळाचं पाणीही तसंच्या तसं चालत नाही. त्यातला क्लोरीन आणि इतर काहीबाही काढायला आरओचं पाणी हवं. ताईच्या स्वयंपाकघरातल्या मशीनवर त्या आठवड्यात इतका भार पडला, की तिने दारावर कागद लावला: प्यायचं पाणी मागायच्या आधी आजोळी जाऊन यावं.

खारेपणा मोजायचा आकडा १.०२५. ते विशिष्ट गुरुत्व. स्वस्तात काटा हलणारं प्लास्टिकचं मापक मिळतं, पण त्याच्या काट्याला बुडबुडा चिकटला की तो थाप मारतो. रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा, दोन थेंब टाकायचे, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. हे यंत्र आल्यापासून भावोजी दूधवाल्याकडेही वेगळ्या नजरेने बघतात.

मग सुरू झाला या उद्योगातला सगळ्यात कठीण काळ. टाकी भरली, पंप सुरू झाला, पाणी नितळ झालं, आणि आत काहीच सोडायचं नव्हतं. माशाच्या विष्ठेतून अमोनिया निघतो, तो त्याचा जीव घेऊ शकतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही घातकच. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते बेताने चालतं. हे दोन्ही जिवाणू दगडांवर आणि वाळूत वस्ती करून बसायला चार ते सहा आठवडे घेतात, आणि त्यांना कामाला लावायला आधी अमोनिया हवा. त्याचा स्वस्त उपाय म्हणजे एक कोळंबी घेऊन रिकाम्या टाकीत टाकायची आणि कुजू द्यायची. आमच्या घरात कोळंबी कुजवणं म्हणजे दागिना गटारात टाकण्याइतकं पाप. भाचा ती टाकत असताना आईने त्याच्याकडे असं पाहिलं, की नायट्रोजन चक्र जागच्या जागी थांबलं असतं.

घरी येणारे लोक टाकीपाशी उभे राहायचे, डोळे बारीक करायचे आणि विचारायचे, मासे कुठे आहेत? आई पलंगावरून परस्पर उत्तर द्यायची, "मासे नाय हत. पाणी पाळल्यान हा."

इतकं नेमकं वर्णन मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नाही. खाऱ्या टाकीत माणूस पाणीच पाळतो. मासा आपली काळजी आपण घेतो. पाण्याला वेळेवर बघावं लागतं. त्याचा ताप बघायचा, खारेपणा बघायचा, परीक्षानळीत थेंब टाकून रंग बघायचा. त्या रंगावरून घरात वाद व्हायचे. भाच्याला पोपटी दिसलं की भावोजींना हिरवं दिसायचं. अखेर तो विभाग ताईकडे गेला. साडीला ब्लाउजपीस जुळवत बायका जी नजर कमावतात, ती दादरच्या दुकानाबाहेर कुठे उपयोगी पडेल असं तिला वाटलं नव्हतं; तिने नळी उजेडात धरली आणि नायट्राइट अजून आहे म्हणून निकाल दिला. तो निघेपर्यंत मासा आला नाही.

उन्हाळ्याचं एक वेगळं नाटक. या माशाला २४ ते २७ अंश बरे वाटतात. त्यामुळे हीटरचा खर्च वाचला. पुण्याच्या थंडीत तो लागला असता. पण मे महिन्यात पाणी तिशीकडे निघालं. पाणी थंड करणाऱ्या चिलरची किंमत ऐकून आम्ही विषय बदलला आणि टाकीच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावला. वाऱ्याने पाणी उडतं आणि दोन-तीन अंश उतरतात. आता उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. "समुद्र कमी झाला तर समुद्रच ओतायचा ना?" हा भावोजींचा प्रश्न वरवर बिनतोड आहे, पण तसं केलं तर महिन्याभरात लोणच्याचा खार तयार होईल. वीज गेली की बॅटरीवरचा छोटा हवेचा पंप लावायचा. साऱ्या यंत्रांत तो सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी. इन्व्हर्टरवर टीव्ही आधी की पंप आधी, हे भांडण त्याने मिटवलं.

शेवटी व्हॅलेंटिनी आला. त्याला जाळीने उचलायचं नाही, पाण्याखालीच भांड्यात घ्यायचं; हवेत उचलला आणि घाबरून हवा गिळून फुगला, तर ती बाहेर टाकणं त्याला अवघड जातं. पिशवीतून टाकीत जाऊन त्याने एक फेरी मारली, एकेक डोळा वेगवेगळा फिरवून चौघांची पाहणी केली आणि आईच्या बाजूच्या काचेशी जाऊन थांबला. तिथून तो अजूनही फारसा हललेला नाही. कारण उघड आहे. तिसऱ्या साफ करायचं काम तिच्याकडे आहे.

या माशाचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजवायला त्याला कवचाचं खाणं लागतं: तिसऱ्या, लहान कालवं, कोळंबी सालासकट, चिंबोरीची नांगी. रोज एकच खाऊ देऊन चालत नाही. बुधवार-शुक्रवारी आई बाजारातून मोजक्या तिसऱ्या वेगळ्या बांधून आणते. "केंडाक," असं म्हणते आणि कोळीणही आता हसत नाही. दात वाढलेच तर काय करायचं, हे भाच्याने आधीच वाचून ठेवलंय. वेगळ्या भांड्यात लवंगेच्या तेलाने माशाला गुंगी आणतात आणि नखं कापायच्या बारीक कात्रीने चोच छाटतात. हे अनुभवी माणसाने करायचं काम. तेल जरा जास्त झालं तर मासा जागा होत नाही. पण लवंगेचं तेल ऐकून आई पहिल्यांदा उठून बसली. दाढदुखीवर तिचा तोच इलाज आहे, आणि माशांनाही तो लागू पडतो म्हटल्यावर तिने पुस्तकांना पास केलं.

आता सोसायटीतली पोरं येतात ती एकच मागणी घेऊन: त्याला फुगवून दाखव. आम्ही दाखवत नाही. पूर्वी समज होता, की फुगलेला केंड श्वास रोखून धरतो. २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ते तपासलं, आणि योगायोग असा, की त्यांनी घेतलेली जात व्हॅलेंटिनीच. श्वास चालूच असतो; उलट प्राणवायूचा खप कितीतरी पटींनी वाढतो, आणि पूर्ववत व्हायला मासा पाच तासांहून जास्त वेळ घेतो. म्हणजे पोराच्या एका टिचकीला त्याची अख्खी दुपार जाते. मागितलंच तर भूक लागल्यावर तो काय करतो ते आम्ही दाखवतो. तो पृष्ठभागाशी येऊन तोंडातून पाण्याची पिचकारी उडवतो. भावोजींचा चष्मा ओला झाला की पोरं खूश.

हिशेबाची वही माझ्याकडे आहे. माशाची किंमत तीत शेवटून दुसरी ओळ आहे. शेवटची आहे कुजवलेली कोळंबी. वर मीठ, स्किमर, टाकी. आणि दर पंधरवड्याला पन्नासेक लिटर पाणी बदलण्याचं मीठ कायमचं, त्याला मुदत नाही. एक रक्कम मात्र वहीत मांडता आली नाही. क्लाउनफिश हॅचरीत पैदा करता येतात, व्हॅलेंटिनी बहुतेक करून खऱ्या समुद्रातून पकडून येतो. "मेला तर दुसरा आणू, स्वस्त तर आहे" हा शोभेच्या माशांच्या छंदातला नेहमीचा हिशेब मला म्हणून पटत नाही. स्वस्त आहे तो आपल्याला, कुर्ल्यात.

तुम्हालाही मोह झाला असेल तर टाकी जुनी घ्या, पण मोठी घ्या. सागवानी कपाट, रंगीत खडे आणि झाकण उघडून बुडबुडे सोडणारी खजिन्याची पेटी यांवर एक रुपया घालू नका; रिफ्रॅक्टोमीटरवर हात आखडू नका. दुकानदाराला मासा मोठेपणी किती होतो ते विचारा आणि त्याचं उत्तर घरी येऊन पडताळा. जमेनासं झालं तर मासा परत द्या, खाडीत सोडू नका. आणि सहा आठवडे नुसतं पाणी बघत बसणं ज्याला होणार नाही, त्याने गप्पी पाळावेत. ते गोड्या पाण्यात राहतात, डासांच्या अळ्या खातात, आणि बऱ्याच गावांत मलेरिया खातं ते फुकट देतं.